अटेनमेंटचं सॉफ्टवेअर: तीन सेमिस्टर वापरून झाल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. लिहिलं तर उद्या एचओडींच्या केबिनमध्ये खुलासा देत बसावं लागेल. शिवाय या सॉफ्टवेअरांचं घराणं एकच आहे, एकाबद्दल वाचलंत की बाकीच्यांचा अंदाज येतो. मी मेकॅनिकलला शिकवते, बावीस वर्षं झाली. कॉलेज कात्रजच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे असं समजा. डिपार्टमेंटचं एनबीएचं काम माझ्या गळ्यात आहे, म्हणजे सीओ, पीओ, अटेनमेंट, ॲक्शन टेकन. ज्यांना हे शब्द कळले त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्याच असतील. ज्यांना नाही कळले ते सुखी आहेत, पण पुढचं समजायला चार ओळी वाचाव्या लागतील.

नॅक आणि एनबीए या कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्था, दोन्ही १९९४ सालच्या. नॅक अख्खं कॉलेज बघते, एनबीए एकेक ब्रँच. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य करणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि तेव्हापासून 'पास किती झाले ते नंतर, पोरांना येतं काय ते दाखवा' हा आग्रह आमच्याकडे चांगलाच मुरला. प्रत्येक विषयाची पाच-सहा उद्दिष्टं असतात, ते सीओ. इंजिनिअर होऊन बाहेर पडणाऱ्याच्या अंगी काय असावं त्याची यादी म्हणजे पीओ. पेपरातला प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी सीओला बांधायचा, प्रश्नावार मार्क भरायचे, म्हणजे वर्गानं कुठलं उद्दिष्ट कितपत गाठलं (हेच अटेनमेंट) आणि गाडं नेमकं कुठे अडलं ते दिसतं. दिसल्यावर पुढच्या बॅचला काहीतरी वेगळं करायचं, हे ॲक्शन टेकन. सगळा खटाटोप या शेवटच्या पायरीसाठी आहे, आणि आमच्याकडे नेमकी तीच पायरी फाइल बंद करायच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला चढली जाते.

आधी हे सगळं एका एक्सेल शीटवर चालायचं. ती शीट ज्या सरांनी बनवली ते केव्हाच दुसरीकडे गेले, शीट मात्र राहिली. तिच्यातल्या करड्या रंगाच्या कॉलमला हात लावायची कोणाची छाती नव्हती. एकदा नवीन जॉइन झालेल्या एका मॅडमनी चुकून रो डिलीट केली आणि अख्ख्या थर्ड इयरचं अटेनमेंट शून्य आलं. त्या संध्याकाळी रडायच्या बेतात होत्या बिचाऱ्या. तेव्हा सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर मीच सगळ्यात आधी हो म्हणाले होते, हे प्रामाणिकपणे सांगते.

पहिल्यांदा चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. मार्क भरणं सोपं झालं. पेपर सेट करतानाच प्रश्नाशेजारी सीओ आणि ब्लूमची पातळी (नुसतं आठवायचंय की डोकं चालवायचंय, ते सांगणारी) टाकायची सोय आहे, आणि पेपरात सगळे प्रश्न 'आठवा' आणि 'समजा' याच पातळ्यांचे झाले तर ते शेजारी नारिंगी पट्टी दाखवतं. ही पट्टी बघून आमच्या दोन ज्येष्ठ सरांनी आयुष्यात पहिल्यांदा 'व्याख्या लिहा' सोडून दुसरा प्रश्न काढला. या एका पट्टीसाठी मी कंपनीला दुवा देते.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे फिल्टर. कुठल्याही सीओवर बोट ठेवून पोरांचे गट पाडता येतात: रेग्युलर आणि डिप्लोमाहून थेट सेकंड इयरला आलेले, होस्टेलवाले आणि घरून येणारे, मुलगे-मुली. स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एक ठरलेलं वाक्य होतं, 'डिप्लोमाची पोरं मॅथ्सला कच्ची, त्यांच्यामुळे रिझल्ट खाली येतो.' माझ्या हीट ट्रान्सफरच्या विषयात फिल्टर लावून बघितलं. ज्या सीओत वर्ग गडगडला होता त्यात दोन्ही गट सारखेच गडगडले होते. लॅबमध्ये तर डिप्लोमावाले पुढे. हे मी मीटिंगमध्ये स्क्रीनवर दाखवलं तेव्हा एक सर म्हणाले, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी घोळ असेल."

आता तो गडगडलेला सीओ. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सॉफ्टवेअर कुठपर्यंत साथ देतं आणि कुठे हात वर करतं ते इथे कळतं.

विषय होता ट्रान्झियंट कंडक्शनचा. तापलेला लोखंडी दांडा तेलात बुडवला, इतक्या मिनिटांनी मध्यभागी तापमान किती, अशा जातीचा प्रश्न. बायोट नंबर (आतला उष्णतेचा अडथळा बाहेरच्याच्या किती पट, ते सांगणारा) ०.१ च्या वर गेला की सोपं सूत्र चालत नाही, मग हाइस्लरचे चार्ट वापरायचे. हे चार्ट १९४७ सालचे. आडव्या अक्षावर फूरिये नंबर, म्हणजे वेळेचं माप, उभ्या अक्षावर तापमानाचं गुणोत्तर, तेही लॉगरिदमिक, आणि मध्ये तिरक्या रेषांचा पिसारा. सॉफ्टवेअरनं हा सीओ लाल केला, शेजारी आकडा दिला, आणि खाली 'कृती निवडा' म्हणून एक यादी उघडली. यादीत पर्याय असे: जादा तास घेतले, असाइनमेंट दिली, तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं, व्हिडिओ दाखवले. एक निवडला की लाल चौकटीवर छोटी हिरवी खूण येते आणि लूप बंद झाल्याचा संदेश येतो. बस. पोरांचं काय झालं हे विचारायला त्या यादीत जागाच नाही.

पहिल्या सेमिस्टरला मीही 'जादा तास' निवडला आणि खरंच तीन तास घेतले. शनिवारी, वर्ग अर्धा रिकामा. पुढच्या टेस्टला पुन्हा लाल.

मग मी युनिट टेस्टचे पेपर कपाटातून काढले आणि फक्त तो एक प्रश्न घेऊन बसले. साठ-बासष्ट पेपर असतील. लॅबच्या मामांनी चहा आणून दिला, गार झाला, पुन्हा आणून दिला. बायोट नंबर बहुतेकांचा बरोबर. फूरिये नंबर बरोबर. चार्टवरून वाचलेलं उत्तर मात्र एकापेक्षा एक. कोणाचं ०.५५, कोणाचं ०.५, कोणाचं ०.६. खरं उत्तर ०.३ च्या आसपास होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोरं ०.१ आणि १ च्या रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजून मध्यभागी ०.५५ वाचत होती. लॉग स्केलवर मध्यभागी ०.३१६ असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बारावीला बोर्डाच्या पेपरात लॉग टेबलं वापरून आलेली पोरं ही! टेबल उघडून अंक काढता येतो, पण लॉगचा अक्ष वाचता येत नाही. आणि शिकवताना आम्ही ते गृहीत धरलेलं.

दुसरं कारण तर आणखी साधं. परीक्षेला जो चार्ट वाटला जायचा तो झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. तिरक्या रेषांचा मधला भाग काळा गठ्ठा झाला होता. मी स्वतः चष्मा लावून, खिडकीशी धरून बघितला, मला वाचता येईना. कोणत्या साली मूळ प्रत काढली असेल देव जाणे.

उपाय काय केला? एक दिवस लेक्चर संपल्यावर स्वारगेटला गेले, तिथून मेट्रोनं कसबा पेठ आणि चालत अप्पा बळवंत चौक. सेमी-लॉग ग्राफ पेपरचे गठ्ठे घेतले. दुकानदार म्हणाला, "ताई, हे आता कोणी मागत नाही, तळाला असतील," आणि शिडीवर चढून वरून काढले. तळ वरती कसा, हे मी विचारलं नाही. चार्ट नव्यानं ए-थ्री आकारात लेझर प्रिंट केले, बाकावर एक. पहिल्या तासाला हीट ट्रान्सफरचं नावही न काढता सगळ्यांना लॉग कागदावर दोन, तीन, पाच, सात कुठे येतात तेवढंच मांडायला लावलं. पाऊण तास गेला. पुढच्या बॅचला तीच चौकट हिरवी झाली, आणि यादीतला कुठलाही पर्याय त्याला लागू पडत नव्हता, म्हणून मी 'इतर' निवडून लिहिलं, 'चार्टची झेरॉक्स बदलली'. सॉफ्टवेअरनं लाल अक्षरांत सांगितलं, किमान पन्नास अक्षरं लिहा. मग 'अस्पष्ट झालेली हाइस्लर चार्टची झेरॉक्स प्रत बदलून नवीन सुस्पष्ट प्रत पुरवली' असं सरकारी भाषेत लिहिलं, ते मात्र चाललं.

आता तक्रारी. पहिली तक्रार सॉफ्टवेअरची कमी, पद्धतीची जास्त. आमचं कॉलेज विद्यापीठाला संलग्न. २०१९ पॅटर्नला, म्हणजे त्या सालच्या अभ्यासक्रमाला, सेमिस्टरच्या मधली इन-सेम परीक्षा तीस मार्कांची पहिल्या दोन युनिटवर आणि एंड-सेम सत्तरची उरलेल्या चारांवर. एंड-सेमचे पेपर कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, तपासले जातात, आमच्या हाती येतो फक्त एकूण आकडा. सत्तरपैकी एकेचाळीस. कुठल्या प्रश्नात किती, काही कळत नाही. शिवाय पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा असे पर्याय. तरी सॉफ्टवेअर त्या एकेचाळीसचे सगळ्या सीओंना वाटे घालतं आणि प्रत्येकासमोर तीनपैकी किती गाठलं याचा आकडा दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत छापतं. २.१४, २.१७, २.११. मीटिंगमध्ये यातल्या ०.०३ च्या फरकावर लोक गंभीर चेहऱ्यानं बोलतात. हे आकडे नुसत्या भागाकाराचे आहेत एवढं तरी त्या कंपनीनं खाली बारीक अक्षरात छापावं. ज्यांचं कॉलेज स्वायत्त आहे, पेपर स्वतःच तपासता, त्यांना हा त्रास नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

दुसरी तक्रार मोठी आहे. लक्ष्य ठरवायला स्क्रीनवर एक सरकपट्टी दिली आहे. साठ टक्के पोरांना ठरलेल्या मार्कांपेक्षा जास्त पडले तर पातळी एक, सत्तर टक्क्यांना पडले तर दोन, ऐंशी टक्क्यांना तर तीन, असा साधारण रिवाज. ते 'ठरलेले मार्क' म्हणजे ही सरकपट्टी. पट्टी साठ मार्कांवर आहे आणि चौकट लाल आहे? पट्टी अलगद पन्नासकडे ओढा. तुमच्या डोळ्यांदेखत लाल, मग पिवळी, मग हिरवी. अगदी गॅसची शेगडी मंद करावी तसं. कोणी केलं, कधी केलं, का केलं, काही विचारत नाही. मी कंपनीच्या माणसाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नोंद राहते मॅडम, पण ती ॲडमिनलाच दिसते." ॲडमिन म्हणजे कोण, तर ज्यांना चौकटी हिरव्या हव्या आहेत तेच. मार्चमध्ये आमच्याच डिपार्टमेंटचे किती लाल रातोरात हिरवे झाले ते मी मोजलं, पण इथे लिहीत नाही.

तिसरी तक्रार नव्या पीओंची. पूर्वी पीओ बारा होते, नव्या आराखड्यात अकरा झाले. 'समाज' आणि 'पर्यावरण' असे दोन होते त्यांचा एक झाला, त्यामुळे पुढचे सगळे एकेक घर वर सरकले. कंपनीनं एका रविवारी अपडेट टाकला, नावं बदलली, पण कुठला विषय कुठल्या पीओला किती लागू याचे आम्ही भरलेले जुने आकडे, म्हणजे मॅपिंग, आपापल्या क्रमांकाला तसेच चिकटून राहिले. सोमवारी उघडून बघते तर माझं नीतिमत्तेचं मॅपिंग संघभावनेखाली जाऊन बसलेलं आणि संघभावनेचं संवादकौशल्याखाली. सहा विषयांचं मॅपिंग पुन्हा हातानं केलं. दिलगिरीचा मेल आला, त्यात माझ्या नावाच्या जागी 'प्रिय ग्राहक'.

सर्वेचा भाग मला आधी थोतांड वाटला होता. अटेनमेंटमध्ये आमच्याकडे परीक्षेचा वाटा ऐंशी टक्के आणि विद्यार्थ्यांच्या सर्वेचा वीस. कोर्स एक्झिट सर्वेत अकरा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच. सगळीकडे पाच-पाच-पाच. सॉफ्टवेअर प्रत्येकानं किती वेळ घेतला ते साठवतं, पण मागितल्याशिवाय दाखवत नाही. मी मागितलं. एका पठ्ठ्यानं अकरा प्रश्न एकोणीस सेकंदांत भरले होते. विचारलं तर म्हणाला, "मॅम, तुम्हीच म्हणालात ना, फॉर्म भरल्याशिवाय सबमिशनवर सही नाही." बरोबर आहे त्याचं.

पण लायब्ररीच्या सर्वेनं मला गप्प केलं. कॉलेजच्या सोयींचाही सर्वे याच सॉफ्टवेअरवर होतो: लायब्ररी, कँटीन, बस, होस्टेल. लायब्ररीला सरासरी चांगली आली, चारच्या वर. समितीनं 'समाधानकारक' म्हणून पुढचं पान उलटलं. मला सवयीनं फिल्टर लावायची खोड, म्हणून होस्टेल निवडलं. आकडा धाडकन खाली. का, ते कळेना. मुलांनी शेरे लिहिले होते, पण पीडीएफमध्ये शेऱ्यांच्या जागी फक्त प्रश्नचिन्हांची रांग. मला वाटलं पोरांनी चेष्टा केली. नाही. ज्यांनी मराठीत लिहिलं होतं त्यांचं अक्षर न् अक्षर प्रश्नचिन्ह झालं होतं. इंग्रजीत लिहिलेलं 'गुड', 'नाइस', 'ओके' तेवढं शाबूत.

कंपनीकडून कच्ची फाइल मागवली, आमच्या कॉम्प्युटरच्या एका सरांनी ती पाच मिनिटांत सरळ करून दिली. एकामागून एक तेच: 'सहाला मामा दिवे घालवतात', 'रूममध्ये चौघं आहोत, अभ्यास होत नाही', 'सहानंतर कुठे बसायचं?' घरून येणारी पोरं साडेचारच्या कॉलेज बसनं निघून जातात, त्यांना रीडिंग हॉल सहाला बंद झाला काय नि दोनला झाला काय. त्यांनी पाच दिले होते. त्यांची संख्या जास्त, म्हणून सरासरी चारच्या वर.

हॉल नऊपर्यंत उघडा ठेवायचं ठरलं. किल्ली कोणाकडे, यावर दोन मीटिंगा झाल्या. लायब्ररीचे मामा लांबून येतात, त्यांची शेवटची बस चुकली तर पंचाईत. शेवटी विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेतली दोन पोरं त्या वेळेला नेमली. छान चाललं. पुढच्या सर्वेत होस्टेलचा आकडा वर आला. पुन्हा फिल्टर, या वेळेला मुली वेगळ्या काढल्या. त्यांचा आकडा जागच्या जागी. मुलींच्या होस्टेलला साडेआठला हजेरी असते हे समितीतल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट. रेक्टर मॅडमना जाऊन भेटले. त्या आधी म्हणाल्या, जबाबदारी कोणाची? मग आता हजेरी सव्वानऊला असते, आणि हॉलपासून गेटपर्यंतचा एक दिवा जो दीड वर्षं बंद होता तो लागला.

तर घ्यावं का हे सॉफ्टवेअर? तुमच्याकडे करड्या कॉलमची एक्सेल शीट असेल तर घ्या. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला पैसे लागतात, तेव्हा घासाघीस करा, पहिला सांगितलेला भाव खरा नसतो. करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या. सरकपट्टीची नोंद सगळ्यांना दिसली पाहिजे, मराठी शेरे मराठीत छापून आले पाहिजेत, आणि सर्वेला लागलेला वेळ न मागता दिसला पाहिजे. आम्ही यातलं काहीच लिहून घेतलं नव्हतं. मी पाचपैकी तीन देते. त्यातला एक नारिंगी पट्टीचा आणि दोन फिल्टरचे.

मराठी प्रश्नचिन्हांची तक्रार मी जुलैत नोंदवली होती. तीन वेळा आठवण केली. मागच्या आठवड्यात मेल आला, 'आपलं तिकीट यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आलं आहे.' लगेच पीडीएफ काढून बघितली. प्रश्नचिन्हं गेली होती, त्या जागी आता रिकाम्या चौकोनांची रांग होती. मेलच्या खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? सव्वापाच झाले होते, साडेपाचची पीएमपी बस चुकली तर पुढची साडेसहाला. मी पाचवर टिचकी मारली आणि पर्स उचलली.